तंबाखूच्या डबीतला बोर्ड

पयले एक गोष्ट सांगून ठेवतो. डबी बिघडली नव्हती. विनोदनं घरी बनवलेली वस्तू, तिचा काय भरवसा, असं जे लोकं बोलून राहिले ना, त्यायले म्या तोंडावर सांगतलं हाय: डबी शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबर चालली. मॅसेज बरोबर आले, जागा बरोबर दाखवली. आजही चार्जिंगले लावली तर चालन. बोलणाऱ्याचं काय जाते?

अड्याळच्या बाजारात माह्यं दुकान हाय. मिक्सर, टीव्ही, मोटरीचे स्टार्टर, जे येईन ते दुरुस्त करतो. पर माहा खरा जीव बोर्डात. आयटीआयले होतो तवापासून मी माहे बोर्ड मीच बनवतो. तांबं चिकटवलेली पाटी आणायची, चकचकीत कागदावर छापलेलं सर्किट इस्तरी फिरवून तिच्यावर उमटवायचं, मंग पाटी फेरिक क्लोराईडच्या तपकिरी पाण्यात टाकून हलवत बसायचं. जिथं शाई हाय तिथलं तांबं राहाते, बाकीचं विरघळून जाते. अर्ध्या घंट्यात पाटीवर रस्ते दिसाले लागतात. ते पाहून मले जे वाटते ते कोणाले सांगून समजत नाई. माही बायको दामिनी म्हणे, "या पाण्याच्या डागानं माह्या तीन साड्या गेल्या, त्याचं बोला." तिचं खरं होतं. पर बाजारातून तयार बोर्ड आणून डब्ब्यात बसवणं मले जमत नाई. त्यात आपलं काय रायलं?

माहे बाबा, वासुदेवराव. अठ्ठ्याहत्तर वर्साचे. दोन वर्सांपासून त्यायचं ध्यान जागेवर नव्हतं. पयले चष्मा भुलले, मंग वार भुलले, मंग माह्यं नाव. मले ते तलावाचं पाणी सोडणारा पाणकर समजत. मी जेवाले बसलो का म्हणत, "अबे जेवतं काय, पाणी सोड ना, धान वाळून राहिला." आम्ही हासो. हासल्याशिवाय करता काय, राजेहो? पर पाय त्यायचे मजबूत होते. फाटक उघडं दिसलं का निघाले. मंग माही माय, ललिताबाई, लंगडत लंगडत त्यायच्या मांगं. तिचे दोनी गुडघे गेलेले, तरी जाय. माय थकली का दामिनी जाय, चुलीवरचं तसंच टाकून. दिवसातून तीनदा, चारदा. घरातल्या दोन बायका नुसत्या एका माणसाच्या मांगं फिरून राहिल्या होत्या, हे मले पाहावत नव्हतं. म्हणून म्या डोस्कं लावलं.

पयला बोर्ड गळ्यात घालायच्या डब्ब्यात बसवला. बाबानं तो काढून विहिरीत फेकला. दुसरा हाताच्या पट्ट्यात. तो त्यायनं विळ्यानं कापला, अन् म्हणे, "मी काय बैल हाव का बे?" आठ दिवसाची मेहनत गेली माही. मले राग आला, मी बोललोही. मंग एक दिवस पाहात बसलो, का हा माणूस सगळं फेकते, पर काय फेकत नाई? चष्मा फेकला, चप्पल फेकली, दात फेकले. तंबाखूची डबी कधी फेकली नाई. बंडीच्या खिशात डबी नसली तर घरभर कालवा करत.

मंग काय! पत्र्याच्या डबीत सिग्नल येत नाई, एवढं मले समजते. प्लंबिंगचा अडीच इंची पाईप घेतला, तापवून उघडला, सपाट केला, कापला, अन् त्याच पाईपाच्या सोल्युशननं जोडून साबणाच्या डबीएवढी डबी केली. वरच्या कप्प्यात तंबाखू अन् चुना. खालच्या कप्प्यात माहा बोर्ड, जीपीएस, सिमकार्ड, जुन्या मोबाईलची बॅटरी. बोर्ड इतला लहान केला का तीनदा पाटी वाया गेली. डबी पॉलिश पेपरनं घासली, चांदीचा रंग मारला, अन् आठ दिवस तंबाखूच्या पुड्यात पुरून ठेवली, म्हणजे वास लागला पाहिजे. बाबानं उलटीपालटी केली, नाकाले लावली, चिमूट काढली, मळली, अन् डबी बंडीत टाकली. त्या दिवशी मी दुकानात एकटाच नाचलो असन.

डबीतल्या सिमवर मिस कॉल दिला का दोन मिनिटात मॅसेज येत जाय, अन् मॅसेज दाबला का नकाशावर लाल ठिपका. बाबा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बाबा देवळात, बाबा शाळेमांगं. मी दुकानात बसून पाहो, गिऱ्हाईकाले दाखवो. घरी मी दोघीले बजावून सांगतलं, "आता कोणी मांगं जायचं नाई. मी पाहून राहिलो ना."

माय म्हणे, "जाईन ना बाबू मी. मले दुसरं काय काम हाय?"

"तुह्या गुडघ्याकडे पाह्य, माय. घरी बस."

मायेपोटीच म्हटलं. पर खोटं कायले बोलू, मले दाखवायचंही होतं. आयुष्यभर लोकं म्हणत आले, विनोद काय ते जळक्या वासाचे खेळ करत बसते. आता तोच खेळ माह्या बापाले सांभाळून राहिला होता. बावीस दिवस सांभाळलं त्यानं.

तेविसाव्या दिवशी, दसरा होऊन गेला होता, दुपारी एकच्या सुमाराले दामिनी दुकानात आली. चपला नव्हत्या पायात. म्हणे, "बाबा अकरा वाजतापासून घरी नाई. जेवाले आले नाई."

"तं घाबरतं काहून?" म्या म्हटलं, अन् मिस कॉल दिला. मॅसेज आला. ठिपका पवनीच्या रस्त्यावर. दहा मिनिटानं पुन्हा लावला, ठिपका अजून पुढं. चालून राहिला नव्हता, पळून राहिला होता. कोण्या गाडीत बसले बाबा! पर त्या भेवातही, सांगाले लाज वाटते, एक खुशी होती. पाह्य, डबी नसती तर काय समजलं असतं?

दामिनी म्हणे, "मी एकदा बांधीकडं पाहून येऊ का? त्यायचं सारखं धान, धान चालू होतं सकाळी."

तलावाखाली आमच्या तीन बांध्या, धानाची वावरं, हायेत, घरापासून दहा मिनिटाच्या वाटेवर. भारी जातीचा धान, छातीएवढा उभा होता, खाली पाणी.

मी भडकलो. "अवो, फोन पवनीचा रस्ता दाखवून राहिला अन् तू बांधीचं सांगतं? एवढा बोर्ड बनवला तो काय आरतीसाठी? घरी जाऊन मायजवळ बस. बाबा इकडून तिकडून परतले तर घरी कोणी पाहिजे."

तिनं माह्याकडे पायलं. अन् तशीच अनवाणी घरी गेली. म्या शटर पाडलं न् गाडीले किक मारली.

रस्त्यानं तीनदा थांबलो, तीनदा मॅसेज आला. शेवटचा ठिपका पवनीत येऊन थांबला अन् थांबूनच रायला. म्या हनुमंताले नारळ कबूल केला. गल्लीत शिरलो, घरं मोजत गेलो. ठिपका एका घराच्या ओसरीवर होता. ओसरीवर बाजेवर बसून आमच्या गावचा तुलाराम चहा पिऊन राहिला होता.

"या, विनोदभाऊ!" तो म्हणे. "इकडं कसे? हे लेकीचं घर हाय माह्या."

"बाबा कुठं हायेत?"

"कोणते बाबा?"

मंग म्या पायलं. त्याच्या बाजूले, बाजेवर, माही डबी पडली होती. झाकण उघडं.

म्या त्याची गचांडी धरली. त्याची लेक ओरडत बाहीर आली. तुलाराम बिचारा हात जोडून राहिला, "अजी, माहा काय गुन्हा? बारा-साडेबाराले तलावाच्या पारीवर वासुदेवराव भेटले. म्या तंबाखू मांगतली, त्यायनं डबीच देल्ली. मी मळतच होतो तं ते पुढं निघून गेले. मांगून पवनीची गाडी आली. म्हटलं, खिशात असू दे, संध्याकाळी घरी नेऊन देईन. डबी कोणी चोरते का, भाऊ?"

नाई चोरत. आमच्याकडं तंबाखू मांगाले कोणी लाजत नाई, अन् मांगतली तर कोणी चिमूट काढून देत नाई, अख्खी डबी पुढं करते. डबी पारीवर या हातातून त्या हातात फिरते, कोणाच्या घरी मुक्काम करते, अन् दुसऱ्या दिवशी परत येते. लहानपणापासून पाहात आलो मी. पर मी तंबाखू खात नाई. माह्या खिशात कधी डबी नव्हती, मले कोणी कधी मांगतली नाई. सिग्नलचा विचार केला, बॅटरीचा केला, पाण्याचा, घामाचा, वासाचाही केला. हा एक विचार माह्या डोस्क्यात आलाच नाई.

"कुठं चालले होते बाबा?" म्या विचारलं.

"बांधीवर. पाणी पाह्याले जातो म्हणे." मंग तुलारामनं डबी माह्या हातात ठेवली. "पर इतली जड काहून हाय हो ही?"

म्या दामिनीले फोन लावला. "बांधीवर जा," एवढंच म्हटलं. फोन चालूच होता अन् मले तिचं पळणं ऐकू येत होतं.

येतानी गाडी कशी आणली मले आठवत नाई. पोहोचलो तवा साडेचार वाजले होते. बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, दहा-पंधरा लोकं. बाबाले मधल्या बांधीतून काढून धुऱ्यावर निजवलं होतं. धान इतला दाट का कडेनं चालणाऱ्याले आत पडलेला माणूस दिसत नव्हता. दामिनी एकेक बांधी हातानं धान बाजूले सारत गेली, तवा सापडले. तिच्या हातावर धानाच्या पात्यायचे चिरे पडले होते. तिचा पदर बाबाच्या तोंडावर होता. ती मले काहीच बोलली नाई, आजपर्यंत बोलली नाई. बोलली असती तं बरं झालं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगतलं, मांडीचं हाड मोडलं होतं. उठता आलं नसन. पाण्यातून सरकत सरकत चार-पाच हात आले होते, त्याची घसट चिखलात दिसत होती. जीव गेला तो तीन साडेतीनच्या मधात. म्या मनात हिशेब केला. एक वाजता, मी दामिनीवर ओरडून राहिलो होतो, तवा बाबा जिवंत होते. दोन वाजता, मी रस्त्यात थांबून ठिपका पाहून राहिलो होतो, तवाही जिवंत होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो. पावणे गेले, आंगण रिकामं झालं. माय भिताडाले टेकून बसली होती, पाय लांब करून. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. वाटलं, आता माय रडन, आता मले शिव्या देईन. शिव्या पाहिजे होत्या मले. म्या म्हटलं, "माय, तुले म्या जाऊ द्याले पाहिजे होतं."

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मंग म्हणे, "बाबू, एक विचारू? तू त्यायले हाक मारली होती का रे?"

"कुठं?"

"कुठंबी. इथून निघतानी. पारीवर." ती माह्याकडे पाहात नव्हती. "मी मांगं जात होती ना, मले काही ते दिसत नव्हते, डोळ्यानं कुठं दिसते मले एवढ्या दूरचं. मी नुसती हाक मारो. ते ओ देत. माह्यं नाव भुलले होते, तुह्यं भुलले होते, पर ओ देत. धानातून दिली असती त्यायनं."

म्या आठवून पायलं. दुकान, रस्ता, पवनीची गल्ली, ओसरी. लय वेळ आठवून पायलं, का एखादी तरी निघन.

"नाई, माय," म्या म्हटलं. "एकही नाई मारली."