शिडीवरचं मेण

सुतारकामाच्या त्या कारखान्यात इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. फक्त बेड्या तेवढ्या घालायच्या राहिल्या होत्या.

"पॉलिशवालाच आहे मॅडम," हवालदार म्हणाला. "चोरीत आत जाऊन आलेला. थोरल्यांनी दया केली, कामावर ठेवलं, आणि यानं उपकार असे फेडले!"

झालं होतं ते असं. कारखाना दोघा भावांचा. सकाळी थोरले भाऊ माळ्यावरच्या फळ्या काढायला शिडीवर चढले, वरची पायरी मोडली आणि ते खाली आले. पॉलिशवाला धावला आणि त्यांच्याखाली आडवा पडला, म्हणून डोकं वाचलं. कंबर आणि पाय मात्र मोडले. थोरले इस्पितळात बेशुद्ध होते. मोडलेली पायरी खालून करवतीनं कापलेली निघाली, आणि कापाची फट मेणानं बुजवलेली. साध्या आणि रंगवलेल्या लाकडातल्या भेगा भरायच्या मेणाच्या रंगीत कांड्या पॉलिशवाल्याच्या डब्यात असतात. आता आणखी काय हवं होतं?

बाईंची नोकरी अशीच गेली होती, माणसांचा काळोख उपसण्यात. त्यांची लेक म्हणायची, "आई, तू दुधाच्या पिशवीलासुद्धा उलटतपासणी करशील." पण निकाल फारच लवकर लागला की बाई सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या.

पॉलिशवाला कोपऱ्यात बसला होता. त्याचा एक खांदा उतरला होता आणि हात गळ्यात बांधलेला होता.

"तू कापलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही म्हटलं तर ऐकणार आहात का?" तो म्हणाला. "गेल्या वेळी केलं होतं, तेव्हा हो म्हणालो होतो."

बाईंनी पायरीचा तुकडा उचलला आणि अंगणात उन्हात नेला. माळ्याखालच्या अंधुक दिव्यात मेण लाकडासारखंच तपकिरी वाटत होतं. उन्हात ते गडद हिरवं दिसलं. बाई तिथंच थबकल्या. आयुष्य रंग जुळवण्यात घालवलेला माणूस तपकिरी लाकडात हिरवं मेण कशाला भरेल? घाईत भरलं म्हणावं, तर बोटानं दाबून, गुळगुळीत करून, अगदी निगुतीनं भरलेलं.

पुढच्या खोलीत इस्पितळातून परतलेली थोरल्यांची बायको बसली होती, रडून रडून चेहरा सुजलेला. तिला धीर देताना बाईंची नजर भिंतीवर गेली. तिथं एका सुरेख चौकटीत लहान मुलानं काढलेलं झाडाचं चित्र होतं. खोड हिरवं आणि पानं तपकिरी.

"कुणी काढलंय?"

"धाकट्या भाऊजींनी, शाळेत असताना. मास्तरांनी वर्गात उभं करून हसं केलं होतं म्हणे. यांनी स्वतःच्या हातानं चौकट बनवून लावलंय. एकदा एक गिऱ्हाईक हसलं, तर यांनी त्याला दाराबाहेर घालवलं. भाऊजी नव्हते तेव्हा इथे."

"भाऊजींना रंग ओळखता येत नाहीत?"

"कोण जाणे. तो विषय घरात कुणी काढत नाही."

धाकटे कारखान्यात एकटेच उभे होते. बाईंनी पॉलिशवाल्याचा डबा त्यांच्यासमोर उघडला.

"यातली तपकिरी कांडी देता?"

धाकट्यांचा हात डब्यावर घुटमळला. त्यांनी एक कांडी उचलली. हिरवी. बाईंनी पायरीचा तुकडा शेजारी ठेवला. धाकट्यांनी कांडीकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. ते भुश्शात मटकन खाली बसले.

"चुकीची आहे ना?" ते म्हणाले. "माझं नेहमी चुकीचंच असतं."

मग बांध फुटला. वडिलांचा रंधा थोरल्यांनी पॉलिशवाल्याच्या हाती दिला होता. "बापाचा रंधा, परक्याला! मला कधी विचारलं नाही, कशातच नाही. आणि ते चित्र! जन्मभर माझं हसं व्हावं म्हणून भिंतीवर टांगलंय."

"तुमच्या चित्राला हसलेल्या गिऱ्हाइकाला तुमच्या दादानं हाकलून दिलं," बाई म्हणाल्या. "वहिनींना विचारा."

धाकट्यांनी हातातली कांडी डब्यात परत ठेवली. "दादा सकाळी चढत होता तेव्हा मी इथंच होतो," ते पुटपुटले. "थांब म्हणायचं होतं. तोंडच उघडलं नाही. मॅडम, तो मरावा असंच मला वाटत होतं. आणि पडला तेव्हा वाटलं, मीच मेलो."

बाईंनी असे कबुलीजबाब पुष्कळ ऐकले होते. तरी त्या दिवशी त्यांनी हवालदारानं पुढे केलेल्या बेड्या परत दिल्या आणि धाकट्यांना दंडाला धरून उठवलं.

संध्याकाळी थोरले शुद्धीवर आले. खरं काय ते कळल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पॉलिशवाला सुटला, पण कामावर येईना. थोरल्यांची बायको स्वतः त्याच्या घरी गेली.

"संशय घेतलात त्याचं काही नाही वहिनी, ते अंगवळणी पडलंय," तो म्हणाला. "पण माझा खांदा निखळला होता, आणि दुखतंय का म्हणून कुणी विचारलं नाही."

ती उंबऱ्यातच बसली. "दुखतंय का?" तिनं विचारलं. त्याला हसू आलं, मग डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात त्यानं कारखान्याचं कुलूप उघडलं.

धाकट्यांनी कोर्टात काहीही लपवलं नाही. शिक्षा झाली. थोरले कुबड्यांवर चालायला लागल्यावर त्यांनी बाईंना फोन केला. "त्याला भेटायचंय. सोबत याल? एकट्यानं धीर होत नाही."

तुरुंगाच्या फाटकापाशी थोरले दम घ्यायला थांबले.

"लहानपणापासून त्याच्या वतीनं मीच बोलत आलो, बाई. वाटायचं, सांभाळतोय त्याला. माफ केलंय की नाही, ते मलाच अजून कळत नाही. पण आज मी बोलणार नाही. तो काय म्हणतो ते ऐकणार."

आत धाकटे मान खाली घालून उभे होते.

"बस," थोरले एवढंच म्हणाले, आणि कुबड्या बाजूला टेकवून स्वतःही बसले.

बाई दाराबाहेर थांबल्या. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग एक आवाज सुरू झाला, चाचरत, अडखळत. धाकट्यांचा होता. पहारेकऱ्यानं घड्याळाकडे पाहून दाराला हात घातला, तर बाईंनी त्याला अडवलं.

"बोलू दे की रे," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं सुरुवात झालीय."