छोटा आकडा

"किती निघाली?" आतून लुआनं विचारलं.

ताम परसात घरट्यापुढं उकिडवा बसला होता. सयामी बदकीण लाल तोंड पुढं करून फिसकारत होती आणि तिच्या पंखाखालून पिवळी डोकी बाहेर येत होती. त्यानं दोनदा मोजली.

"आठ. सगळी सयामी."

"आणि साध्या बदकाची? कोंबडीची?"

तामनं पुन्हा घरट्यात वाकून बघितलं. काळ्या कोळशाची खूण केलेली बदकाची सहा अंडी आणि बिनखुणेची कोंबडीची सहा, बाराच्या बारा जशीच्या तशी पडली होती. एकालाही साधा तडा नव्हता.

लुआची पद्धत सगळ्या कालव्याला ठाऊक होती. सयामी बदकाच्या अंड्याला पस्तीस दिवस लागतात, साध्या बदकाला अठ्ठावीस, कोंबडीला एकवीस. म्हणून ती आधी सयामी अंडी ठेवायची, आठवड्यानं बदकाची, आणखी आठवड्यानं कोंबडीची, आणि सगळी एकाच सयामी बदकिणीखाली. पिल्लं एका दिवशी बाहेर यायची आणि एकमेकांना सख्खी समजायची. मग मोठी होऊन एकत्र चरायची, कुणी कुणाला टोचायचं नाही आणि एका हाकेला सगळी परत यायची. तिच्या लेखी कळप म्हणजे हाच.

यंदा सयामी अंडी ठेवून दोनच दिवस झाले आणि तिचं पोट असं काही दुखायला लागलं की मुलीनं तिला उचलून शहरातल्या दवाखान्यात नेलं. जाताना होडीत आडवी पडल्या पडल्या तिनं नवऱ्याला बजावलं होतं, बावीसला बदकाची ठेवा, एकोणतीसला कोंबडीची. महिनाभरानं डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. ते कोणत्या अर्थानं म्हणाले हे सगळ्यांना कळलं, लुआला सगळ्यांच्या आधी. परवा ती घरी आली ती एवढं एकच धरून, की पिल्लं बघायची. आपल्यामागं या माणसाला तीन जातींचे तीन कळप काही राखता यायचे नाहीत. एक असला तर जमेल. एकटा तरी राहणार नाही.

"एक अंडं आणा बघू इकडं," ती म्हणाली.

तिनं ते खिडकीतल्या उन्हात धरलं, मग कानाशी नेलं. मेलेलं नव्हतं. आत नुसतं भरत आलं होतं.

"कधी ठेवलीत?"

"बावीसला. तू म्हणालीस तस्सं. भिंतीवर बघून ठेवली," ताम छाती पुढं काढून म्हणाला.

लुआनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. रोज एक पान फाडायचं, मधोमध हा एवढा मोठा तारखेचा आकडा आणि खाली कोपऱ्यात चांद्र महिन्याच्या दिवसाचा, एक ते तीस, छोटा.

"मोठा आकडा की छोटा?"

तामचं तोंड पडलं. जन्मभर त्यानं सरकारी तरीवर, माणसं पार नेणाऱ्या नावेवर, नोकरी केली होती. पाळ्या मोठ्या आकड्यावर, पगार मोठ्या आकड्यावर, सुट्टी मोठ्या आकड्यावर. लुआचं सगळं छोट्यावर चालायचं, पौर्णिमेचा उपास, सासूसासऱ्यांचं वर्षश्राद्ध, पेरणी, अंडी. चाळीस वर्षं दोघांनी एकाच कागदाकडं बघून दोन वेगळे दिवस काढले होते आणि कधी अडलं नव्हतं.

"नऊ दिवस उशीर झालाय," तिनं बोटांवर मोजून सांगितलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बदकीण काही नऊ दिवस थांबणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आठ पिल्लं घेऊन कालव्याकडं निघाली आणि घरटं उघडं पडलं. शेजारच्या साउकाकू कुंपणावरून म्हणाल्या, टाका ती पाण्यात, आता काय त्यांच्यावर तुम्ही बसणार आहात का? ताम खरंच अंडी टोपलीत घालून निघाला होता.

"इकडं आणा ती," लुआनं हाक मारली. "माझ्या रजईत ठेवा."

"अगं, तुला बरं नाही."

"मला तरी आता कुठं जायचंय?"

तामनं तांदळाचा कोंडा कढईत गरम केला, कापडाच्या पुरचुंड्यांत बांधला आणि त्या पुरचुंड्यांच्या मधे अंडी ठेवून सगळं तिच्या पोटाशी लावून दिलं. कोंडा निवला की पुन्हा गरम करायचा. अंडी दिवसातून तीनदा उलटायची. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर हिलाही तीनदा कुशीवर वळवा. एकदम दोन कामं आली की ताम गोंधळून जायचा.

"आधी तुला वळवू की त्यांना?"

"त्यांना. मी काय फुटतेय थोडीच."

हे ऐकून तो हसला आणि मग चुलीकडं तोंड करून कोंडा परतू लागला. माया अशी तिनं कधी बोलून दाखवली नव्हती आणि त्यानंही नव्हती. आता ती अंड्यांशी दिवसभर बोलायची. लित-लित-लित, हलक्या आवाजात, बदकांना घालतात ती हाक, कोंबड्यांनाही तीच. साउकाकू भाताची पेज घेऊन यायच्या. आधी म्हणाल्या, बाई गं, आता माणसं अंडी उबवायला लागली. पण दोन दिवसांनी त्यांनीच आपल्या घरचा कोंडा पोतंभर आणून टाकला.

नवव्या दिवशी जेवणवेळेला लुआनं तामचा हात धरून रजईखाली नेला. आत टकटक चालली होती. संध्याकाळपर्यंत दहा पिल्लं निघाली, पाच बदकाची, पाच कोंबडीची, ओली आणि विजोड. दोन अंडी तशीच राहिली. लुआनं एकेकाला गळ्याशी धरलं आणि म्हणाली, "एकाच दिवशीची आहेत. आता तुम्हाला जमेल."

पिल्लं निघाल्यावर सहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

सगळं आटोपल्यावर साउकाकूंनी ओट्यावर बसून विचारलं, पुढच्या वर्षीच्या श्राद्धाचा दिवस कुठला धरायचा, सगळ्यांना सांगावं लागेल. ताम भिंतीपुढं उभा राहिला. ती गेली त्या दिवसाचं पान त्यानं फाडलेलं नव्हतं. मधोमध सव्वीस होता. त्यानं चष्मा लावला आणि कोपऱ्यात बोट टेकवलं.

"पाच," तो म्हणाला. "महिन्याची पाच."

उन्हं कलल्यावर तो पिल्लांना खुराड्यात घ्यायला परसात गेला. त्यानं हाक घातली, पण ती तरीवरच्या माणसाची, पल्याडच्या काठाला ऐकू जाणारी. पिल्लं केळीच्या बुंध्याशी दडून बसली. मग तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, लित-लित-लित. बुंध्यामागून दहाही बाहेर आली, बदकं आणि कोंबड्या एकमेकांना खेटून. खुराड्याचं दार त्यानं उघडंच धरलं होतं. ती त्याच्या पायांवरून चढून, खुराडं मागं टाकून, सरळ घरात गेली आणि लुआच्या पलंगाखाली जाऊन एका ढिगात बसली.

ताम त्यांना हाकलायला वाकला होता. पण त्यानं पलंगावरच्या रजईचं एक टोक ओढलं आणि जमिनीला टेकेल इतकं खाली सोडलं.