आधी बंद, मग खिडकी

दादाने बाबांची बॅग भरून दाराजवळ ठेवली होती, येता-जाता सगळ्यांना दिसावी म्हणून. माझा भाऊ दुष्ट नाही. पण एकदा त्याने एखादी गोष्ट ठरवली की तो माणसांनाही सामानासारखं हलवायला लागतो, आणि माझं डोकं नेमकं तिथेच फिरतं. शनिवारी बाबांना वृद्धाश्रमात न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. तो मात्र वृद्धाश्रम म्हणत नाही, "केंद्र" म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटावं बाबांना तिथे नोकरीच लागली आहे.

कारण काय, तर बैठकीतली गॅसची फायरप्लेस. आमच्या घरात तिला शेकोटीच म्हणतात. खोट्या लाकडांच्या मागे एक छोटी ज्योत सतत जळत असते, ती पायलट. मोठा बर्नर पेटायचा तो त्या पायलटवरच. थंडी सुरू झाल्यापासून ही पायलट रोज विझत होती. संध्याकाळी दादा कामावरून परतताना डोकवायचा, तर खोली गार, बाबा अंगावर दोन शाली घेऊन खुर्चीत बसलेले, आणि शेकोटीचं बटण "बंद"वर.

"हे बटण आत दाबल्याशिवाय फिरत नाही," दादा मला म्हणाला. "आपोआप बंद व्हायची सोयच नाही त्याला. म्हणजे बाबा स्वतः उठतात, बंद करतात आणि विसरतात. आज बंद करून विसरतायत, उद्या चालू करून विसरतील. मग?"

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, आठवत नाही."

बाबांना हल्ली बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी जातं, माझ्या नवऱ्याचं नाव मधूनच हरवतं. पण घर त्यांना पाठ आहे. ते चहा करतात, झाडांना पाणी घालतात, आत्याशी पत्त्यांत लबाडी करून जिंकतात. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती दोन घरं पलीकडे राहते आणि रोज येऊन त्यांचा स्वयंपाक करते. या माणसाला तिथे नेऊन अनोळखी खोलीत बसवलं तर जे काही शिल्लक आहे तेही जाईल, हे मला दिसत होतं. आणि बाबांनाही दिसत असावं, कारण बॅगेकडे बघून ते एकदा म्हणाले, "मीच करत असेन गं. दादा काय खोटं बोलतो?"

ते ऐकलं मात्र, मी दुकानात फोन करून रजा टाकली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तेव्हा बारीक स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश आणि भिंग यांची मला कमतरता नाही. हट्टाची तर त्याहून नाही. लहानपणापासून घरात मला ठिणगी म्हणतात, ते उगाच नव्हे.

आधी रीतसर मेकॅनिकला बोलावलं. तो सकाळी आला. पायलटच्या शेजारी बोटाएवढी एक धातूची कांडी असते, थर्मोकपल. ज्योतीने ती तापलेली असेपर्यंत गॅस चालू राहतो, गार झाली की गॅस आपोआप तुटतो. ही कांडी झिजली की पायलट टिकत नाही, असं सांगून त्याने ती नवी घातली. पायलट लावली, बटण दाबून धरलं, सोडलं. ज्योत निळी, सरळ, कांडीला बिलगलेली. "आता बघायला नको," तो म्हणाला आणि गेला, आणि मीही निर्धास्त होऊन माझ्या घरी जाऊन आले. संध्याकाळी शेकोटी बंद, बटण "बंद"वर, आणि दादाचा चेहरा बघण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मीच हात घातला. गॅसचा कॉक बंद केला, सगळं गार होऊ दिलं, आणि वर्तमानपत्र पसरून खोटी लाकडं एकेक करून बाहेर काढली. कुठलं लाकूड कुठे होतं त्याचे फोनवर फोटो काढून ठेवले, कारण ती जरा जरी चुकीची बसली तरी ज्योत अडते. बर्नरच्या डाव्या बाजूची भोकं धुळीने बुजली होती. त्या बाजूला आग पिवळी का यायची ते कळलं. ब्रशने ती मोकळी केली. पायलटच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं, तेही काढलं. बाबा खुर्ची पुढे ओढून बघत बसले होते.

"भिंग दे इकडे," मध्येच ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी पायलटच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "स्वच्छ आहे. हवा आत शिरायला जागा हवी, एवढंच."

ते शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. आख्खं आयुष्य प्रयोगशाळेतल्या गॅसच्या बर्नरांमध्ये गेलं, पण कुणाच्या केसाला धक्का लागला नाही, याचा त्यांना अजून अभिमान आहे. घरीही त्यांचा वर्ग चालूच असायचा. आई वैतागायची, तरी हे स्वयंपाकघरात येऊन शेगडीच्या ज्योतीवर अचानक फुंकर मारायचे, आणि दादाने आणि मी जिथे असू तिथून धावायचं. ज्योत गेली की आधी बंद, मग खिडकी, मग बोलणं. कोण आधी पोचतं याची शर्यत असायची. दादा मोठा, त्याचे पाय लांब, तोच जिंकायचा, आणि मी रडत बसायचे.

सगळं परत जागच्या जागी लावलं. पायलट पेटली, बर्नर डावीकडून उजवीकडे एका दमात पेटला, पिवळेपणा गेला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आत्याला मिठी मारली. दुपारी जरा औषधं आणायला बाहेर गेले. परत आले तर शेकोटी बंद, बटण "बंद"वर.

मी सोफ्यावर बसून राहिले. खरं सांगते, त्या वेळी मलाही वाटलं की दादा बरोबर आहे. मग मला माझाच राग आला. शुक्रवार उरला होता. ठरवलं की शुक्रवारी सकाळपासून या खोलीतून हलायचं नाही, आणि बाबा खरंच बंद करत असतील तर ते डोळ्यांनी बघायचं.

शुक्रवारी सकाळपासून मी पुस्तक उघडून बसले आणि एक पान वाचलं नाही. सकाळभर बर्नर मजेत चालला. ऊन खिडकीतून आत आलं तसं बाबांनी बर्नर कमी केला, नुसती पायलट ठेवली. रोजचंच होतं ते. आत्या आली. आल्या आल्या बैठकीच्या बाहेरच्या दाराखाली घोंगडीची वळकटी लावली, भावाला वारा लागू नये म्हणून, आणि खिडक्या घट्ट आहेत ना ते बघून घेतलं. त्या खिडक्यांना दादाने थंडीच्या तोंडावर एका रविवारी रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्याच रविवारी त्याने स्वयंपाकघरात नवा एक्झॉस्ट पंखाही बसवला होता, जुन्याच्या दुप्पट ताकदीचा, आत्याचे डोळे धुराने चुरचुरतात म्हणून. तेव्हा त्याचं केवढं कौतुक केलं होतं आम्ही.

आत्याने कांदा परतायला घेतला आणि पंखा लावला.

मी शेकोटीकडेच बघत होते. पायलटची ज्योत आधी जरा थरथरली. मग ती खाली वाकली, कांडीपासून दूर गेली, जणू कुणी धुराड्यातून वाकून तिच्यावर फुंकर घालत होतं. आणि विझली.

मी उठणार, तेवढ्यात बाबा उठले. हातातलं वर्तमानपत्र नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं. काठी टेकत शेकोटीपाशी गेले, वाकले, बटण आत दाबून "बंद"वर फिरवलं. मग खिडकीकडे वळले, कडी काढली, खिडकी ढकलली. परत येऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

"बाबा," मी म्हटलं, "आत्ता काय केलंत?"

"कुठे काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. "वाचतोय की."

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरातून आत्या आली, हातात उलथनं. "ही खिडकी कोणी उघडली? भाऊ, तुला छातीत गारठा भरून घ्यायचाय का?" तिने फाडकन खिडकी लावली, वळकटी पायाने सरकवली आणि गेली. रोज असंच होत असणार. संध्याकाळी दादा यायचा तेव्हा खिडकी बंद असायची आणि बटण बंद असायचं. तो एवढंच बघायचा.

मी स्वयंपाकघरात जाऊन पंखा बंद केला. आत्याला सगळं समजावलं: एवढा मोठा पंखा हवा बाहेर फेकतो, घर चहूबाजूंनी बंद, मग त्याला आत हवा मिळणार कुठून? धुराड्यातून. बर्नर जोरात असतो तेव्हा धुराडं तापलेलं असतं, हवा वर जाते. दुपारी ते गार पडलं की पंखा तिथूनच हवा खाली ओढतो, आणि पायलट जाते.

आत्याचा हात उलथन्यासकट तसाच राहिला. "म्हणजे मी करत होते?"

"तू नाही गं. आपण सगळ्यांनी."

"मी खिडकी लावत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज. त्याच्यावर ओरडून." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला कांदा कारण नव्हता. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की संध्याकाळी दादा आला की मी मान डोलावेन, तेव्हा परत कांदा परतायचा, पंखा लावायचा. त्याला आधी काही सांगायचं नाही.

"सरळ सांग ना त्याला."

"मी सांगितलं की तो वाद घालतो. त्याला बघू दे."

खोली पुरती हवेशीर करून मी खिडकी लावली आणि पायलट परत पेटवली. बर्नर लावला नाही. धुराडं गार राहायला हवं होतं.

दादा आला तो बूट न काढताच. "शेकोटी चालू दिसतेय आज," तो म्हणाला, आणि बॅगेची चेन तपासली. "सकाळी लवकर निघू या. बाबा, तुमचा चष्मा वरच्या कप्प्यात ठेवलाय."

"बरं," बाबा म्हणाले. वाद नाही, काही नाही. त्यांचं ते "बरं" मला सहन झालं नाही.

"दादा, जरा बस. जेवून जा."

"उशीर होईल."

"बस म्हटलं ना."

तो बसला, शेकोटीच्या सर्वांत जवळच्या खुर्चीत, आणि फोनवर उद्याचा रस्ता बघायला लागला. मी स्वयंपाकघराच्या दारातून आत्याकडे बघून मान डोलावली. पंखा घुमायला लागला. ज्योत थरथरली. वाकली. विझली.

दादाचा फोन जमिनीवर पडला. तो कधी उठला ते मलाही नीट दिसलं नाही. बटण दाबून फिरवलेलं होतं आणि तो खिडकीपाशी पोचलाही होता. कडी काढली, खिडकी सताड उघडली. गार हवा आत आली. त्याचे लांब पाय अजून तसेच आहेत.

"शेकोटी का बंद केलीस रे?" मी विचारलं.

"ज्योत गेली ना," तो म्हणाला. "गेली की आधी बंद..."

त्याने बटणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग बाबांकडे. बाबांनीही काठी हातात घेतली होती, अर्धवट उठलेले होते. आज त्यांना उशीर झाला होता.

मी त्याला दुपारचं सगळं सांगितलं. पंखा, पट्ट्या, वळकटी, धुराडं. एरवी मी अशा वेळी जिंकल्यासारखं बोलते, पण त्याचा चेहरा बघून माझा आवाजच चढला नाही.

"पण त्यांना आठवत नाही," तो शेवटी म्हणाला. खिडकीची कडी अजून त्याच्या हातात होती. "तेवढं तर खरं आहे."

"खरं आहे. आठवत नाही. तरी रोज बरोबर करत होते. आणि आपण त्यालाच चूक म्हणत होतो."

दादाने खिडकीची कडी सोडली. स्वयंपाकघरात जाऊन त्याने पंखा बंद केला. परत आला, मेकॅनिकला फोन लावला, धुराडं तपासायचं आहे आणि बाहेरून हवा आत यायला झरोका बसवायचा आहे, सकाळीच या, असं सांगितलं. सकाळी तर निघायचं होतं, हे मी बोलून दाखवलं नाही. फोन ठेवून तो दाराशी गेला, बॅग उचलली आणि तिथेच घुटमळला, ती कुठे न्यायची हे समजत नसल्यासारखा. आत्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि बाबांच्या खोलीत नेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

दादा बाबांच्या समोर जमिनीवर बसला. "चुकलो, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. काय चुकलं ते त्यांना माहीत नसावं. पण खिडकी उघडी होती आणि बटण बंद होतं, एवढं त्यांना दिसत होतं.

"नाही रे," ते म्हणाले. "तू कायम पहिला यायचास."