कडक वकील हवा

"परदेशात वकील निवडणं म्हणजे कलिंगड निवडणं," साडूभाऊ म्हणाले. "टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. मी आजवर घरी एकही कच्चं कलिंगड आणलेलं नाही."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे. या परक्या देशात आम्ही दोघांनी बटणांचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे भाड्याचा एक गाळा आणि त्यात एक मशीन. त्या मशीनवर दोन घरं चालत होती. सोमवारी जागामालकाच्या वकिलाची नोटीस आली. न विचारता मशीन बसवलंत, शुक्रवारी दुपारपर्यंत गाळा रिकामा करा, नाहीतर मशीन जप्त.  तेव्हापासून दार वाजलं की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचो.

मंगळवारी आम्ही वकील शोधायला निघालो. पहिला वकील म्हणाला, "भाडेकरार ठेवून जा. वाचून सांगतो."

"ज्याला वाचावं लागतं तो कसला वकील?" साडूभाऊ जिन्यातच म्हणाले.

दुसऱ्या वकीलबाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं.

"हिला कोण घाबरणार? कडक माणूस पाहिजे." साडूभाऊ एकदम थांबले. "नोटीस वाचून तुझं काय झालं?"

"हातपाय गार पडले."

"माझेही. मग झालं तर. ज्याने ती लिहिली, तोच आपला वकील."

"अहो भाऊ, तो मालकाचा वकील आहे."

"आज त्याचा, उद्या आपला. वकील म्हणजे भाड्याची गाडी. पहिला उतरला की आपण बसायचं."

मला तिथूनच परत फिरायचं होतं. पण साडूभाऊंना नाही म्हटलं, की ते मी घरी पोचायच्या आत बायकोला कळलेलं असतं.

कारखान्याचं नाव ऐकताच त्या वकिलाने हात वर केला. "मी मालकाच्या बाजूने आहे. मला काही सांगू नका. दुसरा वकील बघा."

"भाव खातोय," साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले, आणि त्याला सगळं सांगून मोकळे झाले. मशीन न विचारताच बसवलंय, गुरुवारी सकाळी टेम्पो येणार, मशीन घरामागच्या गॅरेजमध्ये लपवणार. तो तीनदा "थांबा" म्हणाला. मी साडूभाऊंची बाही ओढत होतो, ती उसवली. शेवटी तो दार उघडून उभा राहिला.

"आता सावकाश चल," लिफ्टकडे जाताना साडूभाऊ म्हणाले. "मागे वळू नकोस. चार पावलं गेलं की दुकानदार हाक मारतो."

लिफ्ट तीनदा येऊन गेली. हाक काही आली नाही. काचेपलीकडे तो भराभर लिहीत होता.

"बघ, लागला आपल्या कामाला," साडूभाऊ म्हणाले.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. बुधवारी मी गुपचूप करार पहिल्या वकिलाकडे ठेवून आलो. गुरुवारी सकाळी त्याने सहावं पान माझ्यासमोर धरलं. "मशीन बसवायची तुम्हाला परवानगीच आहे. नोटीस टिकणार नाही. फक्त मशीन जागचं हलवू नका."

मी जीव मुठीत धरून धावलो. टेम्पो मला चौकातच दिसला. सिग्नलला उभा, वर मशीन, मशीनला मिठी मारून साडूभाऊ. कोर्टाचा माणूस माझ्याआधी पोचला होता. त्याच्या हुकुमात लिहिलं होतं, हा कागद मिळेल तेव्हा मशीन जिथे असेल तिथून ते निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही.

निकालाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. टेम्पो चौकातच उभा आहे.