कोरा हात

"ओळखपत्र घेतलंस ना?" सिऊ खेंगनं विचारलं.

"घेतलं."

"आणि ते पत्र? शिक्का मारलेलं?"

"घेतलं गं बाई! सुनावणी माझ्याविरुद्ध आहे. काय आणायचं ते मला कळत नाही का?"

सुनावणीच्या खोलीबाहेर, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर आमचं हे चाललं होतं. अर्ज करणारी ती, माझी बायको, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो मी. सकाळी एकाच घरातून निघालो, एकाच बसनं आलो. बसमध्ये तिनं माझी कॉलर नीट केली, चार लोकांसमोर जायचंय म्हणून. घराखालच्या कॉफीवाल्यानं विचारलं होतं, "अंकल, आंटी, आज नटूनथटून कुठं?" तर ती म्हणाली, "डॉक्टरकडे." नवऱ्यावर फिर्याद करायला निघालेली बाई नवऱ्याची अब्रू झाकत होती. तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. पण मला तेव्हा राग आलेला होता, आणि राग आला की मला बाकी काही सुचत नाही.

आमच्या सिंगापुरात तसा कायदाच आहे. घरच्या माणसानं अर्ज करायचा, समितीनं दोघांचं ऐकायचं, आणि घरच्यांना खरोखर त्रास झालाय असं पटलं की कॅसिनोचं दार त्या माणसाला बंद. दारातल्या यंत्रावर ओळखपत्र ठेवलं की ते लाल होतं, आणि मागे रांगेतले सगळे बघतात. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल दिवा आठवडाभर होता. त्याहून वाईट म्हणजे कॉफीच्या दुकानात कळलं असतं. तिथं मला सगळे मास्तर म्हणतात.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. मी तेहतीस वर्षं सरकारी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. गो बून तेक हे नाव आमच्या तोआ पायो भागातल्या निम्म्या इमारतींमधल्या देखभालीच्या कार्डांवर सापडेल. निवृत्त झालो आणि पत्त्यांकडे वळलो. बाकारा खेळतो मी. खेळ अगदी सोपा. दोन बाजू, बँकर आणि प्लेअर. ज्या बाजूची पानं नऊच्या जवळ ती जिंकली. चित्रं आणि दश्शी यांची किंमत शून्य, आणि बेरीज दहाच्या वर गेली की दहा सोडून द्यायचे. लहान पोरालाही समजेल. म्हणूनच शहाणीसुरती माणसं तिथं बुडतात.

मी बुडणाऱ्यांतला नव्हतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. माझे नियम होते. बरोबरीवर कधी लावायचं नाही, ती वेड्यांची जागा. हरलो म्हणून पुढचा डाव दुप्पट लावायचा नाही. सलग तीन हरले की उठायचं, मग समोर खुद्द कुबेर पत्ते वाटत असला तरी. आणि भिंतीवरचा तो मागच्या डावांचा तांबड्या-निळ्या ठिपक्यांचा फलक बघत बसायचं नाही. लोक त्यात अजगर शोधतात, म्हणजे एकाच बाजूची लांबच लांब रांग, आणि मग त्याच्या शेपटीला लटकतात. "अरे, पत्त्यांना आठवण नसते," मी त्यांना सांगायचो. "आठवण आपल्याला असते, आणि तीच आपल्याला खाते." आ सेंग नावाचा माझा टॅक्सीवाला मित्र माझी वाक्यं पावतीमागे लिहून घ्यायचा. "मास्तर, तुम्ही खेळत नाही, तुम्ही ध्यान करता," असं एकदा म्हणाला. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कोबी चिरत होती. म्हणाली, "ध्यानाला दारात दीडशे डॉलर घेतात का?"

आतून आमचं नाव पुकारलं.

समितीत तिघं होते. मधे मॅडम क्वेक, पूर्वी कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या म्हणे. त्यांना आमची तेओच्यू भाषा येत होती, म्हणून दुभाष्याची गरज पडली नाही. डावीकडचा गृहस्थ लिहून घेत होता, उजवीकडचा नुसताच बसला होता.

"बोला आंटी," मॅडम क्वेक म्हणाल्या. "काय त्रास आहे?"

"तसा त्रास काही नाही," सिऊ खेंग म्हणाली.

लिहिणाऱ्यानं मान वर केली.

"हात उगारतात?"

"छे! कधीच नाही."

"घरखर्चाला देतात?"

"देतो की. भाजीसुद्धा तोच आणतो. चांगली आणतो, कोवळी बघून."

"मग अर्ज कशासाठी?"

मी तिच्याकडे बघितलं नाही, पण मला ठाऊक होतं तिच्या जिभेवर काय आहे ते. आठवडाभर मी त्याचीच वाट बघत होतो. ती ते सांगणार, मग मी काय बोलायचं, हे मी आंघोळीला गेलो की पाठ करायचो. रागात माणूस बोलून जातो. जागाच तशी असते. एकदाच झालं.

"गुडघे दुखतात त्याचे," ती शेवटी म्हणाली. "आठ-आठ तास एका जागी बसतो. लघवीलासुद्धा उठत नाही."

उजवीकडचा हसला. मॅडम क्वेक हसल्या नाहीत. "आंटी, गुडघ्यांसाठी दार बंद करता येत नाही आम्हाला. घरच्या माणसांचं काही वाईट झालंय, असं दिसलं पाहिजे. दुसरं काही सांगायचंय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही काही."

मग माझी पाळी आली, आणि मी जो काही बोललो! जन्मात एवढं शुद्ध बोललो नसेन. नियम सांगितले, एकेका नियमामागचं कारण सांगितलं. जुगारी आणि खेळाडू यांच्यात काय फरक, तेही सांगितलं. जुगारी नशिबामागं धावतो, खेळाडू नशिबाला आपल्या दारात उभं करतो, आणि शुभ-अशुभ, तोडगे, ताईत असल्या गोष्टी माझ्यापाशी चालत नाहीत. लिहिणाऱ्याचा हात थांबला होता, तो नुसतं ऐकत होता. मला वाटलं, जिंकलो.

मॅडम क्वेकनी चष्मा काढला. "आंटी, हे शिस्तीचं म्हणतात ते खरं आहे?"

"खरं आहे," सिऊ खेंग म्हणाली. "फार शिस्तीचा माणूस आहे."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. परक्या माणसांसमोर नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती सरळ खोटं बोलली होती. त्यासाठी तिनं स्वतःचाच अर्ज बुडवला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

"एकदा मी हिला घेऊन गेलो होतो," मी म्हणालो.

सिऊ खेंगनं माझ्याकडे पाहिलं. "अरे, राहू दे."

"गेल्या सप्टेंबरात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी."

तिला मी सांगितलं होतं, छान जेवू. ती मुलीनं दिलेला ब्लाउज घालून आली. जेवण झालंच, पण मी तिला त्यासाठी नेलं नव्हतं. तीन आठवडे मी सारखा हरत होतो. तीन डावांनंतर उठायचं सोडून तीस डाव बसत होतो, आणि आमच्यात म्हणतात, ज्यानं कधीच पत्त्याला हात लावला नाही त्याचा हात पहिल्यांदा फळतो. कोरा हात. आख्ख्या तोआ पायोला पत्त्यांना आठवण नसते म्हणून सांगणारा मास्तर स्वतःच्या बायकोचा हात घेऊन गेला.

ज्यानं सगळ्यांत जास्त लावलं त्याला पान उघडायचा मान मिळतो. मी समोर होतं ते सगळं बँकरवर लावलं आणि तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. प्लेअरचे सहा झाले होते, आमच्याकडे तीन. शेवटचं पान पालथं तिच्यापुढं आलं. चव्वी, पंजी, छक्की यांतलं एक निघालं की जिंकलो.

आता हे पान उघडायची एक रीत असते. दोन्ही अंगठ्यांनी कड हळूहळू दुमडायची, काठावर किती ठिपके दिसतात ते मोजायचं. दोन दिसले तर चव्वी किंवा पंजी. तीन दिसले तर मधल्या ठिपक्यावर फुंकर मारायची, तो उडून जावा आणि छक्कीच निघावी म्हणून. सगळं टेबल ओरडतं, फुंक, फुंक. एकेका पानाला मिनिट-मिनिट लावतात लोक. मी तिला जेवणानंतर तिकडे जाताना बसमध्ये हॉटेलच्या बिलाच्या कागदावर दाखवलं होतं. पण तिथं दहा माणसं तिच्या अंगावर वाकली, ओरडायला लागली, आणि ती घाबरली. तव्यावरचा मासा उलटावा तसं तिनं पान झटकन उलटं केलं.

दश्शी होती.

"आणि मी हिला म्हणालो," मी समितीला सांगितलं. पुढचा शब्द तोंडातून निघेना. मॅडम क्वेक वाट बघत होत्या. "मी हिला पांढऱ्या पायाची म्हणालो. सगळ्या टेबलासमोर. मोठ्यानं."

"राहू दे म्हटलं ना," सिऊ खेंग पुटपुटली.

"आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या पैशांच्या चकत्या हिच्यापासून लांब सरकवल्या. शेजारच्या बाईनं खुर्ची हलवली. मी हिला म्हटलं, ऊठ, बाहेर जाऊन बस. ही गेली. मी आणखी तीन तास खेळलो."

बाहेर आलो तेव्हा ती दाराबाहेरच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी "चल" म्हणालो. तिनं विचारलं, "भरून निघालं का रे?" हेही मी समितीला सांगितलं.

लिहिणारा म्हणाला, "अंकल, शब्द वाईट आहे, पण रागात..."

हेच वाक्य मी आठवडाभर पाठ केलं होतं.

"आमचं लग्न झालं," मी म्हणालो, "त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी माझे वडील गेले. आंघोळ करताना पडले. हिचा काय संबंध? पण आईनं हिच्यासाठी तोच शब्द वापरला. मी त्या संध्याकाळी पेटी भरली आणि हिला घेऊन घराबाहेर पडलो. आईला सांगितलं, जिथं हिला हे ऐकावं लागेल तिथं आम्ही पाणीसुद्धा पिणार नाही. थोरला मुलगा होतो मी. सगळी भावकी माझ्यावर थुंकली. आई मरेपर्यंत नीट बोलली नाही. जन्मात मी मर्दासारखं केलेलं काम ते एकच. आणि..."

रडू आलं नाही, त्याचीसुद्धा लाज वाटली. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसलो. आयुष्यभर अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून लिफ्टची चाकं तपासली, कधी भीती वाटली नाही. त्या उजेडाच्या खोलीत मला सिऊ खेंगकडे मान वळवायची भीती वाटत होती.

मॅडम क्वेकनी बाकीच्या दोघांकडे बघितलं. मग चष्मा घातला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बंदी कायमची. उठवायची असेल तर आंटींनी अर्ज करायचा, तुम्ही नाही. समजलं, अंकल? इथं सही करा." सही करताना माझा हात थरथरला नाही. शिस्तीचा हात.

बाहेर ऊन रणरणत होतं. बसथांब्यापर्यंत चालत गेलो. सावलीत उभे राहिल्यावर मी म्हणालो, "सांगितलं नसतं तर त्यांनी अर्ज फेटाळला असता."

"फेटाळला असता तर असता."

"मग अर्ज केलास कशाला?"

"तू जाऊ नयेस म्हणून केला. हे चारचौघांत निघावं म्हणून नाही." ती रस्त्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुझी आई घरात म्हणाली होती. चार भिंतींच्या आत, दार लावून. तू दोनदा म्हणालास, बून तेक. दोन्ही वेळा लोकांत."

चाळीस वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. मुलगी झाल्यापासून मी हुई शानचा बाप होतो, त्याआधी नुसता "अरे" होतो.

मला माफी मागायची होती. तोंड उघडलंही. पण मागे थांब्यावर आणखी चार माणसं उभी होती, आणि ती लोकांत मागायची की नाही हेच मला ठरवता येईना.

बस आली. ती पुढं चढली, खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. मी तिच्या सीटपाशी दांडा धरून उभा राहिलो. मागच्या बाकावरची शाळेची मुलगी उठली आणि म्हणाली, "अंकल, इथं बसा ना."

"नको बाळ," मी म्हणालो. "पुढच्याच थांब्यावर उतरायचंय."

अजून अकरा थांबे होते.