आयरिसबाईंचा रविवार

छिन्नीच्या चौथ्या घावाला मागची वीट सुटली आणि तिच्यामागचा राडारोडा काजळीसकट रेमंड ऑल्डरॉइडच्या मांडीवर कोसळला. तो तसाच बसून राहिला. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स शहरातल्या घरांच्या बुजवलेल्या शेकोट्या उघडून त्यांत गॅसच्या शेकोट्या बसवण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. आता गुडघे खाली बसू देत, पण उठू देत नसत.

आयरिस सटक्लिफ दारातून बघत होत्या. खोट्या कोळशांमधून खरी ज्योत दिसणारी शोभेची शेकोटी त्यांना हवी होती, आणि ती आज, शनिवारीच. नवरा वॉल्टर वरच्या खोलीत झोपला होता. त्याला हल्ली बायको ओळखू येत नसे. सोमवारी त्याला वृद्धाश्रमात नेणार होते. मधला एक रविवार त्यांना, लग्न झालं त्या हिवाळ्यासारखा, विस्तवासमोर शेजारी बसून काढायचा होता.

दुपारपर्यंत रेमंडने अकरा बादल्या राडारोडा बाहेर टाकला, धुराडं झाडलं, कडेच्या विटा नीट करून घेतल्या. मग धूर वरपर्यंत नीट जातो का ते बघायला शेकोटीत धुराची गोळी पेटवून तो अंगणात जाऊन उभा राहिला. छपरावर धूर जेमतेम दिसला. तेवढ्यात वर वॉल्टर खोकायला लागला. रेमंड कठड्याला धरून जिना चढला. पलंगामागच्या भिंतीतून धूर झिरपत होता. धुराडं आतून तडकलं होतं.

त्याने खिडकी उघडली, खाली आला आणि सांगून टाकलं की आत पोलादी नळी सोडल्याशिवाय इथे गॅस जोडता येणार नाही, आणि त्याला दोन आठवडे लागतील.

आयरिसबाई हळूच म्हणाल्या, "उद्या तीनच तास पेटवेन, रेमंड. खिडक्या उघड्या ठेवते. कुणाला सांगायची नाही मी."

"नाही जमणार, आयरिसबाई."

"सोमवारनंतर मला एकटीला ती शेकोटी कशाला हवीय?"

 रेमंडने गॅसच्या नळीला टोपण घट्ट बसवलं, गळती नाही ना हे साबणाचं पाणी लावून दोनदा तपासलं. तेवढा वेळ त्याने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

हत्यारं भरत असताना वॉल्टर जिना उतरून आला. भिंतीतल्या काळ्या पोकळीकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"विझला?" त्याने विचारलं.

"विझलाय," रेमंड म्हणाला.

"ऊब आहे अजून. बस."

रेमंडचं अंग मोडून आलं होतं, त्याला घरी जायचं होतं. तरी तो पिशवी ठेवून बसला. वॉल्टरने गार विटांसमोर दोन्ही तळवे धरले, एकमेकांवर चोळले, पुन्हा धरले. रेमंडनेही हात पुढे केले. मग वॉल्टरने मान वळवली.

"बाई, तुम्हीही या की. दारात गारठाल."

आयरिसबाईंनी ॲप्रन सोडून खुंटीला लावला, विटांचे तुकडे ओलांडून स्टूल ओढलं आणि नवऱ्याशेजारी बसून हात शेकायला धरले.