बाळगोळी

शारदेने शेवटच्या रकान्यात पुन्हा ‘नाही’ लिहिलं आणि पेन्सिल इतकी दाबली की टोकच मोडलं.

मलकापुरातल्या त्या जिनाच्या, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात एक्केचाळीस बाया कपाशीतला कचरा वेचत बसल्या होत्या. सकाळपासून ती प्रत्येकीपुढे उकिडवी बसून छापील कागदावरचा प्रश्न वाचत होती, “लेकराला निजवायला अफूची बाळगोळी देता का?” आणि प्रत्येक बाई हातातली कपाशी न सोडता मान हलवत होती. एक्केचाळीस बाया, एक्केचाळीस ‘नाही’.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची अफूची चौकशी समिती उद्या इथल्या डाकबंगल्यात बसणार होती. बायका पुरुषांशी बोलणार नाहीत म्हणून समितीचे कारकून रमाकांत यांनी हे कागद मुलींच्या शाळेतल्या या मास्तरीणबाईंच्या हाती दिले होते. सगळे कागद असेच गेले, तर ‘या तालुक्यात अशी चाल नाही’ असं एका ओळीत लिहून समिती अकोल्याला निघून जाणार. शारदेला ते खरं वाटत नव्हतं. पण न वाटण्याला रकाना नव्हता.

ती उठली, लुगडं झटकलं, आणि तेवढ्यात दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला.

अगदी डोक्यावरच झाला. शारदा दचकून मागे सरली. निंबावरचे कावळे एकदम उडाले. गाडीचे बैल जू ओढत बिचकले. भोंगा थांबला तरी तिच्या कानात तो घुमत होता, आणि तिची नजर गोदामाच्या भिंतीकडे गेली. सावलीत गोणपाटावर नऊ लेकरं ओळीने निजलेली होती. एकानेही हात हलवला नव्हता.

ती जवळ गेली. वाकून एकाच्या कानाशी टाळी वाजवली. मग दुसऱ्याच्या. मग आणखी जोरात.

शारदा धावतच सुटली. पायातली एक वहाण फाटकाशी निसटली, ती हातात घेऊन तशीच डाकबंगल्यापर्यंत आली. रमाकांत व्हरांड्यात डबा सोडून जेवायला बसले होते.

“भोंगा झाला आणि एकही मूल हललं नाही!” ती धापा टाकत म्हणाली. “नऊ मुलं! एकसुद्धा नाही!”

“शारदाबाई, बसा आधी. पाणी घ्या.”

“पाणी नको. सगळ्या देतात गोळी. सगळ्याच!”

“पण त्या नाही म्हणताहेत ना? मुलं भोंग्याने हलली की नाही, याला आपल्या कागदात रकाना कुठे आहे?”

“मग पाडा!”

रमाकांतांनी हातातली भाकरी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं. मग हात धुतले, पट्टी घेतली आणि कागदाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली.

संध्याकाळपर्यंत शारदा पुन्हा त्याच एक्केचाळीस बायांपुढे बसली. आता ती गोळीचं नावच काढत नव्हती. एवढंच विचारत होती, “भोंगा झाला की लेकरू उठतं का हो?”

“नाई बाई! माह्यं पोरगं लय गुणी हाय,” बाया कौतुकाने सांगत होत्या. “दिवसभर कूस बदलत नाई.”

तेहतीस गुणी लेकरं झाली, नऊ भिंतीशी निजणारी, बाकीची घरी थोरल्या भावंडांपाशी. शेवटच्या टोकाला गौसिया बसली होती. तिची मुलगी जमीला जेमतेम तीन महिन्यांची. बाळंतपणाचे चाळीस दिवस सरले आणि दुसऱ्याच पहाटे गौसिया जिनात परत आली होती. तिने शारदेचा प्रश्न ऐकला आणि हात थांबवले.

“लय हुशार हा तुमी, बाई,” ती हळूच म्हणाली. “सकाळी सीधं विचारलं, आता वाकडं.”

शारदेने पेन्सिल कागदावरून उचलली.

“हाव. देतो मी. मोहरीएवढी. अंधारात येतो तवा एक, अन् भोंग्याच्या आंधी एक. काऊन देतो ते बी लिहा.”

“सांगा, लिहिते.”

“लेकरू रडलं की मुकादम म्हणते, त्याले घेऊन घरी जाय. घरी गेली तं खाऊ काय?”

“हे उद्या समितीपुढे सांगाल?”

गौसियाने ओढणी डोक्यावर घेतली, लेकरू उचललं आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दहापासून शारदा डाकबंगल्याच्या फाटकाशी उभी होती. आत समितीचे अध्यक्ष, एक डॉक्टर आणि साक्षीला बोलावलेले जिनाचे मालक बसले होते. अकरा वाजले. साडेअकराला रमाकांत बाहेर येऊन गेले. बाराला पाच कमी असताना रस्त्याच्या वळणावर हिरवी ओढणी दिसली, आणि शारदेच्या तोंडून “आली!” असं एवढ्या मोठ्याने निघालं की फाटकावरचा शिपाई हसला.

गौसिया खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच, मुलीला खांद्यावर घेऊन, तिने सगळं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं.

“ही गोळी म्हणजे विष आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? आम्ही देणाऱ्याला दंड करायचं म्हणतो आहोत.”

“करा ना, साहेब. अफूच्या दुकानावर पाटी तं सरकारचीच हाय.” तिचा आवाज चढला नाही. “पण दंड भरून कामावर आली, तं लेकराले ठेवू कुठी? तेवढं सांगा.”

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मालकांकडे पाहिलं. मालक आपल्या टोपीकडे पाहत होते.

“तुमच्याकडे एखादी रिकामी खोली आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“आहे एक. पण तिच्यात सरकीची पोती…”

“पोती हलवा. पंधरा दिवस करून पाहू. त्यात काय दिसतं ते अहवालात जाईल, आणि तुमच्या जिनाचं नावही जाईल.”

शारदेला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले.

शाळेतून तिला पंधरा दिवसांची मोकळीक मिळाली. जिनातून म्हातारपणी सुटलेल्या रुखमाबाई सोबतीला आल्या. छताच्या वाशांना लुगड्यांचे झोके बांधले. दूध पाजायला आयांना दिवसातून दोनदा सोडायचं ठरलं. गोळी एकदम तोडली तर लेकरांना झेपणार नाही, ती रोज थोडी कमी करा, असं डॉक्टरांनी स्वतः येऊन बायांना बजावलं.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली आणि अकराही निजलेली. खोली इतकी शांत की शारदा एकेका झोक्याशी वाकून श्वास चालू आहे ना पाहत होती.

“बायांले भेव वाटते,” रुखमाबाई म्हणाल्या. “रडलं तं तुमी बी हाकलान, असं म्हणतात.”

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर शारदा फाटकाशी उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून एकच सांगत राहिली, “रडू द्या. रडलेलं मला हवंय.” काही हसल्या. काहींनी तिला वेडं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी एक पोर कुरकुरलं. चौथ्या दिवशी तिघं. लेकरांना घाम फुटायचा, ती हातपाय झाडायची, दूध ओकायची. शारदा आणि रुखमाबाई आळीपाळीने त्यांना खांद्यावर घेऊन खोलीभर फिरायच्या. आठव्या दिवशी रमाकांत अकोल्याची गाडी पकडण्याआधी आकडे घ्यायला आले, तेव्हा आत असा कालवा चालला होता की ते दारातच थबकले.

“किती मुलं झाली?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“मुलं! किती?”

“सतरा!” शारदा ओरडली. तिच्या दोन्ही काखांत एकेक होतं, केस सुटले होते, चेहरा फुलून आला होता. “सतरा, आणि सगळी जागी!”

“दार तरी लोटा हो, काही ऐकू येत नाही!”

“नाही लोटणार! जिनभर ऐकू जाऊ दे!”

दूध पाजायची वेळ झाली होती. बाया अंगावरचा कापूस झटकत, धावत आल्या. गौसियाने आपल्या झोक्यातून जमीलाला उचललं. पोर रडून लाल झालं होतं. ती भिंतीशी मांडी घालून बसायला गेली आणि मधेच थांबली. रडायचं विसरून पोर तिच्याकडे टक लावून पाहत होतं.

गौसिया उठली आणि तिला घेऊन दारात, उन्हाच्या कडेला आली.

“बाई,” ती म्हणाली, “इचे डोळे घारे हायत.”

“मग?” रुखमाबाईंनी विचारलं. “आजवर दिसले नाई काय तुले?”

“घरी तं बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, मंग चिमणीच्या उजेडात काळेच दिसत. अन् दिवसा तं मिटलेलेच.” तिने मुलीचा चेहरा आणखी थोडा उजेडाकडे वळवला.

आवारातून मुकादमाने हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.

“आली, आली,” गौसिया म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.